किनाऱ्यावर जन्मणारा गुन्हा

प्रस्तावना

सप्टेंबर २०१० मध्ये ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे डांबरवाहू जहाज पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून सोमाली चाच्यांनी पळवले. जहाजावर १५ खलाशी होते आणि ते सगळे भारतीय होते. साडेसहा महिने घासाघीस चालली, खंडणी पोचती झाली आणि १५ एप्रिल २०११ रोजी जहाज सुटले. सुटले ते आठच जणांना घेऊन. उरलेल्या सात जणांना चाच्यांनी खाली उतरवले आणि किनाऱ्यावर नेले. पैसे घेऊनही माणसे अडवण्याचे कारण त्यांनी उघड सांगितले: भारताने आमची माणसे धरली आहेत, ती सोडा, मग तुमची मिळतील.

त्याच वर्षी जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत भारतीय नौदलाने आणि तटरक्षक दलाने अरबी समुद्रात चार कारवाया केल्या होत्या. चाच्यांनी बळकावलेली मासेमारीची जहाजे गाठून एकूण १२० चाचे पकडले होते आणि त्यावरच्या ओलीस मच्छीमारांची सुटका केली होती. पकडलेल्यांना मुंबईला आणून यलो गेट पोलीस ठाण्याच्या हवाली करण्यात आले. पुढची कित्येक वर्षे त्यांचा मुक्काम नवी मुंबईत, तळोजा मध्यवर्ती कारागृहात होता. ते सात खलाशी मात्र ३० ऑक्टोबर २०१४ रोजी सुटले, म्हणजे जहाज पळवल्यापासून चार वर्षे उलटल्यावर.

तळोज्याची एक बराक आणि सोमालियाच्या वाळूवरचा एक तळ अशी साडेतीन वर्षे एकमेकांना बांधलेली होती. या पुस्तकाचा विषय समजून घ्यायला याहून बोलकी घटना सापडणार नाही. चाचेगिरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अथांग समुद्र येतो. प्रत्यक्षात या गुन्ह्यातला समुद्रावरचा भाग अर्ध्या तासाचा असतो. एक होडी जहाजाला भिडते, शिडी लागते, बंदूकधारी माणसे ब्रिजवर पोचतात. त्याआधीचे आणि त्यानंतरचे बहुतेक सगळे जमिनीवर घडते. होडीला पैसा पुरवणारा जमिनीवर असतो, वाटाघाटी जमिनीवरून होतात, खटला जमिनीवर चालतो आणि वाट पाहणारे घरही जमिनीवरच असते. चाचेगिरी किनाऱ्यावर जन्मते आणि तिचा निकालही किनाऱ्यावरच लागतो. पुढची सगळी प्रकरणे याच एका सूत्राभोवती बांधलेली आहेत.

नवी मुंबईने हा विषय मनावर घ्यावा याची कारणे शहराच्या रचनेतच आहेत. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा इथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि पुढे ते देशातल्या कंटेनर वाहतुकीचे मोठे केंद्र बनले. करावे गावाजवळ ‘चाणक्य’ ही नौकानयनाचे शिक्षण देणारी संस्था १९९३ पासून आहे. तिची वंशावळ ‘राजेंद्र’ या प्रशिक्षण जहाजातून १९२७ च्या ‘डफरिन’पर्यंत जाते. न्हाव्याला ‘रहमान’ ही खलाशी घडवणारी जुनी संस्था आहे. बेलापूरच्या सीबीडीत आणि वाशीत परदेशी जहाजांसाठी माणसे भरती करणारी कार्यालये दाटीने आहेत. देशभरातून आलेली मुले सीडीसी, म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक, आणि प्रमाणपत्रांची फाईल काखेत मारून तिथल्या जिन्यांवर बसलेली असतात. पनवेल, उरण, नेरूळ, खारघर या भागांत ‘मुलगा शिपवर आहे’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. कोकणाला हे नवे नाही. वाफेच्या बोटींच्या काळापासून रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांनी परदेशी कंपन्यांना खलाशी पुरवले. आज जगातल्या दर दहा दर्यावर्दींमागे सुमारे एक भारतीय असतो. म्हणून जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात जहाज लुटले गेले, तरी त्यावर आपल्याकडचे कुणीतरी असण्याची शक्यता दाट असते.

या किनाऱ्याची चाच्यांशी ओळख तर फारच जुनी. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात नोंदवले आहे की भारताकडे येणाऱ्या जहाजांवर चाच्यांच्या भीतीने धनुर्धारी ठेवले जात. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याविषयी लिहिताना एक विलक्षण गोष्ट सांगितली. इथल्या राजाचा समुद्री लुटारूंशी करार होता. लुटीत सापडलेले घोडे राजाचे, बाकीचा माल लुटारूंचा. आजच्या वाशी आणि ऐरोलीच्या खाडीपल्याडच्या त्या राजधानीविषयीचा हा मजकूर वाचला की सातशे वर्षांपूर्वीही सूत्र तेच होते हे जाणवते: किनाऱ्यावरच्या सत्तेने डोळेझाक केल्याशिवाय समुद्रावरची लूट टिकत नाही.

इतिहासाचा विषय निघाला की मराठी वाचकाला कान्होजी आंग्रे आठवणारच, आणि त्यांच्याबद्दल या प्रस्तावनेत स्पष्ट बोलले पाहिजे. इंग्रज कागदपत्रांनी त्यांना चाचे ठरवले. कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने दस्तक घ्यावे, न घेतल्यास ते पकडले जाईल, हा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षे ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याने हाच नियम सगळ्या अरबी समुद्रावर लादत होते आणि त्यांना कुणी चाचे म्हणत नव्हते. राज्याच्या वतीने, जाहीर नियमाने आणि आरमाराच्या बळावर केलेली वसुली ही सार्वभौमत्वाची बाब असते. खासगी लाभासाठी केलेली लूट हा गुन्हा असतो. आजचा आंतरराष्ट्रीय कायदा याच भेदावर उभा आहे.

तो कायदा थोडक्यात असा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्रविषयक कराराच्या १०१ व्या कलमानुसार चाचेगिरी ठरायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: खासगी हेतू, एका जहाजावरच्या लोकांनी दुसऱ्या जहाजावर केलेला हल्ला, आणि तो कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेरच्या समुद्रात झालेला असणे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत तेच कृत्य घडले तर त्याला जहाजावरचा सशस्त्र दरोडा म्हणतात आणि त्याचा तपास त्या किनारी देशाने करायचा असतो. खलाशाच्या मानेवर सुरी ठेवलेली असताना हा भेद त्याच्या दृष्टीने शून्य आहे. मदतीला कोण येऊ शकते, पाठलाग कुठे थांबवावा लागतो आणि खटला कोणत्या देशात चालतो, हे मात्र त्याच भेदावर ठरते. लाल समुद्रात २०२३ च्या अखेरीपासून येमेनमधल्या हूथींनी व्यापारी जहाजांवर केलेले हल्ले राजकीय हेतूचे असल्याने या व्याख्येत सहज बसत नाहीत. खलाशाचा जीव जाण्याचा धोका तिथे कमी नव्हता, तरी या पुस्तकात तो विषय वेगळा ठेवला आहे.

आता नकाशाकडे वळू. जगभरच्या घटना नोंदवणारे आंतरराष्ट्रीय सागरी ब्युरोचे केंद्र १९९२ पासून क्वालालंपूरला चालते. आशियापुरती अशीच नोंद सिंगापूरचे रिकॅप केंद्र २००६ पासून ठेवते आणि भारत त्यामागच्या कराराचा सदस्य आहे. ब्युरोच्या दफ्तरी २०१० मध्ये जगात ४४५ घटना होत्या, २०११ मध्ये ४३९, तर २०२४ मध्ये ११६. आकडा उतरला ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्याच २०२४ मध्ये १२६ खलाशी ओलीस धरले गेले. घटना मोजायच्या की माणसे, यावर चित्र बदलते. या पुस्तकाने माणसे मोजायचे ठरवले आहे.

नव्वदच्या दशकात आणि २००० नंतरची काही वर्षे धोक्याचे केंद्र आग्नेय आशियात होते, मलाक्काच्या सामुद्रधुनीत आणि इंडोनेशियाच्या बेटांमध्ये. अरुंद वाट, दाटीची वाहतूक, दोन्ही बाजूंना असंख्य बेटे आणि कुणाची गस्त कुठे संपते याविषयी शेजारी देशांत अविश्वास. २००४ पासून इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूरने मिळून गस्त सुरू केली, पुढच्या वर्षी विमानांची टेहळणी जोडली आणि हल्ले घसरले. तीन देशांनी एकमेकांवर विश्वास टाकला, एवढाच त्यातला मोठा बदल होता. अलीकडे सिंगापूर सामुद्रधुनीत घटना पुन्हा वाढल्या आहेत. २०२४ मधल्या ११६ पैकी ४३ तिथल्याच. स्वरूप मात्र रात्रीच्या चोरीचे आहे. वेग कमी केलेल्या बल्क कॅरिअरवर किंवा टगमागून ओढल्या जाणाऱ्या बार्जवर चार-सहा जण चढतात, इंजिनाचे सुटे भाग किंवा भंगार उचलतात आणि पसार होतात. इंजिनरूममध्ये अचानक समोर आलेला मोटरमन बांधला जातो, कधी जखमी होतो. नांगरावरच्या जहाजांवरून दोर आणि सामान चोरणे हा याचाच धाकटा प्रकार. बांगलादेशातल्या चट्टोग्रामपासून पेरूतल्या कायाओपर्यंत त्याची नोंद आहे आणि आपल्या कांडल्याच्या अँकरेजचे नावही त्यात येते.

सोमालियाचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे आहे, कारण आपल्या घरांना सर्वांत खोल जखम तिथून झाली. १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली. नौदल, तटरक्षक, मत्स्यखाते असे काहीच उरले नाही. परदेशी ट्रॉलर त्या किनाऱ्यावरचे मासे खरवडून नेऊ लागले. ट्रॉलर अडवून दंड वसूल करणाऱ्या टोळ्या निघाल्या आणि २००५ नंतर त्याच धंद्याला व्यापारी जहाजांचे गिऱ्हाईक सापडले. आपल्या कोकणातल्या मच्छीमाराला यातली पहिली पायरी चांगली कळेल. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांची मासेमारी यांनी पारंपरिक मच्छीमाराचा घास पळवल्याची तक्रार इथे वर्षानुवर्षे आहे. पण इथे ती तक्रार घेऊन जायला मत्स्यव्यवसाय खात्याचे दार आहे, न्यायालय आहे, निवडणूक आहे, मोर्चा आहे. सोमालियात असे दारच उरले नव्हते. अन्याय तर जगभरच्या किनाऱ्यांवर आहे; चाचेगिरी तिथेच रुजते, जिथे दाद मागायला जागा नसते आणि बंदूक स्वस्त असते.

म्हणून चाच्यांकडे बिचारे मच्छीमार म्हणून पाहणेही चुकीचे ठरेल. २०१३ मध्ये जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांचे गुन्हेविषयक कार्यालय आणि इंटरपोल यांनी खंडणीच्या पैशाचा माग काढला. एप्रिल २००५ ते डिसेंबर २०१२ या काळात १७९ जहाजे पळवली गेली आणि ३३.९ ते ४१.३ कोटी डॉलरची खंडणी दिली गेली, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातला मोठा वाटा पैसा गुंतवणाऱ्यांच्या खिशात जाई. होडीत बसून जीव धोक्यात घालणाऱ्या पोराच्या हाती सरासरी खंडणीच्या एक ते अडीच टक्के पडत, आणि त्यातूनही किनाऱ्यावर उधारीत खाल्लेल्या खातचा, म्हणजे तिथल्या नशेच्या पाल्याचा, हिशेब वळता होई. तळोज्यात आले ते हे हिशेबातले शेवटचे लोक. गुंतवणूकदारांपैकी फारच थोड्यांवर कधी खटला चालला.

चाच्यांची पद्धतही सरळ होती. एखादी मोठी मासेमारी बोट किंवा ढो, म्हणजे लाकडी गलबत, बळकवायची, तिच्यावरच्या माणसांनाच ओलीस ठेवून खोल समुद्रात जायचे आणि तिथून दोन-तीन वेगवान होड्या सोडायच्या. डेक पाण्यापासून जवळ असलेले आणि वेग कमी असलेले भरलेले टँकर त्यांना सोपे सावज वाटत. आपल्याकडे जो नैर्ऋत्य मोसमी वारा होड्या किनाऱ्याला ओढून ठेवायला लावतो, तोच त्यांच्याही लहान होड्या थोपवतो. म्हणून हल्ल्यांचे हंगाम असत. २००८ मध्ये सुरक्षा परिषदेने परवानगी दिल्यावर देशोदेशीची नौदले एडनच्या आखातात उतरली. भारतीय नौदलाची गस्त त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तेव्हा ‘स्टोल्ट व्हॅलर’ या टँकरवर १८ भारतीय अडकलेले होते आणि त्यांच्या घरच्यांनी देश हलवला होता. पुढे जहाजांनी काटेरी तारा गुंडाळल्या, पाण्याचे फवारे लावले, इंजिनाजवळ दार लावून बसता येईल अशी सुरक्षित खोली केली, सशस्त्र रक्षक घेतले. या सगळ्याचा मिळून परिणाम झाला आणि २०१२ नंतर पळवापळवी जवळजवळ थांबली.

सशस्त्र रक्षकांची एक बाजू आपल्या मच्छीमारांना भोगावी लागली. २०१० मध्ये विमा आणि जहाजउद्योगाने धोक्याच्या क्षेत्राची रेषा पूर्वेला ७८ अंश रेखांशापर्यंत सरकवली. भारताचा सगळा पश्चिम किनारा एका फटक्यात चाच्यांच्या टापूत गणला गेला. विम्याचे हप्ते चढले आणि आपल्याच किनाऱ्यालगत बंदूकधारी रक्षकांची जहाजे फिरू लागली. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी दोन मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. भारताने आग्रह धरल्यावर १ डिसेंबर २०१५ पासून ती रेषा ६५ अंशांपर्यंत मागे गेली. दूरच्या शहरात आखलेली एक रेघ कोळ्याच्या जिवावर बेतू शकते, हे त्या घटनेने शिकवले.

सोमालिया शांत होत असताना पश्चिम आफ्रिकेतले गिनीचे आखात पेटले. नायजर नदीच्या मुखाशी तेल आहे, तेलाने नासलेली खाजणे आहेत, बेकार तरुण आहेत आणि खारफुटीत लपायला हजार वाटा आहेत. तिथल्या टोळ्यांना आधी जहाजातले तेल हवे असे. नंतर त्या फक्त माणसे उचलू लागल्या. २०२० मध्ये जगभरात १३५ खलाशांचे जहाजावरून अपहरण झाले, त्यातले १३० एकट्या गिनीच्या आखातातले. त्याच्या आदल्या डिसेंबरमध्ये दोन आठवड्यांच्या आत ‘नेव्ह कॉन्स्टेलेशन’वरून १८ आणि ‘ड्यूक’वरून २० भारतीय उचलले गेले. दुसऱ्या जहाजावरचा एक जण बंदिवासातच मरण पावला. नायजेरियाने २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा केला, गस्तीवर पैसा ओतला आणि तिथलेही आकडे खाली आले. त्याच पाण्यात २०२२ मध्ये ‘हिरोइक इदुन’ या टँकरकडे रात्री एक अनोळखी बोट आली. ती चाच्यांची समजून जहाजाने धोक्याचा संदेश दिला आणि काढता पाय घेतला. बोट नायजेरियाच्या नौदलाची निघाली. जहाजावरचे २६ जण, त्यात १६ भारतीय, तेलचोरीच्या आरोपाखाली मे २०२३ पर्यंत अडकून पडले. चाच्यांची भीती आणि किनारी देशाचा संशय यांच्या कात्रीत खलाशी कसा सापडतो, ते त्या प्रकरणात सविस्तर आले आहे.

आता न्यायालयाकडे येऊ, कारण या बाबतीत मुंबईचा अनुभव जगाने अभ्यासावा असा आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज ७,००० टन अ‍ॅल्युमिनियम घेऊन इंडोनेशियाहून निघाले आणि काही तासांतच पळवले गेले. १७ जणांना तराफ्यावर सोडून देण्यात आले आणि कित्येक दिवसांनी थाई मच्छीमारांनी त्यांना वाचवले. जहाजाला नवा रंग, नवे नाव आणि नवा झेंडा मिळाला. तरी तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने आणि नौदलाच्या ‘प्रहार’ने अरबी समुद्रात त्याचा पाठलाग केला. आतल्यांनी जहाज बुडवण्याचा प्रयत्न केला, पण १६ नोव्हेंबरला ते हाती आले. १५ इंडोनेशियन मुंबईला आणले गेले. चाचेगिरी हा गुन्हा आपल्या कायद्यात स्वतंत्रपणे लिहिलेलाच नव्हता. दंडविधानाची जमतील ती कलमे जोडून खटला उभा राहिला. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने सात वर्षांची सक्तमजुरी दिली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. समुद्रावर जिंकलेली बाजी किनाऱ्यावर हरली.

त्यानंतर तरी कायदा लगेच व्हायला हवा होता. झाला नाही. २०११ मध्ये ते १२० चाचे आले तेव्हाही तीच जुनी कलमे वापरावी लागली. त्यातल्या पहिल्या १५ जणांना शिक्षा झाली ती ऑगस्ट २०१७ मध्ये, सात वर्षांची, आणि तोवर त्यांनी सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढलेला होता. २०१२ मध्ये संसदेत आलेले विधेयक लोकसभेबरोबर बारगळले. २०१९ मध्ये नवे आले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संमत झाला. ‘अलोंड्रा रेनबो’पासून तेवीस वर्षांनी. जन्मठेपेपर्यंत शिक्षा, चाचेगिरीत मृत्यू घडला तर फाशीचीही तरतूद, आणि अशा खटल्यांसाठी नेमलेली न्यायालये, ही त्याची ठळक वैशिष्ट्ये.

त्या कायद्याची कसोटी लगेचच आली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सोमाली चाच्यांनी ‘रुएन’ हे माल्टाच्या झेंड्याचे जहाज पळवले. नौदलांचे लक्ष लाल समुद्राकडे वळलेले होते, त्याचा त्यांनी फायदा घेतला. तीन महिन्यांनी तेच जहाज तळ म्हणून वापरत ते बाहेर पडले, तेव्हा ‘आयएनएस कोलकाता’ने त्याला गाठले. हवाई दलाच्या विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले. सुमारे ४० तासांच्या कारवाईनंतर १६ मार्च २०२४ रोजी ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. २३ मार्चला त्या चाच्यांना मुंबईत यलो गेट पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले, या वेळी नव्या कायद्याखाली. नौदलाच्या त्या कामगिरीचा अभिमान वाटावा तेवढा थोडाच. त्याच अभिमानाने आपण खटल्याच्या प्रत्येक तारखेचाही पाठपुरावा केला पाहिजे. साक्षीदार खलाशी जगभर विखुरलेले असतात, त्यांच्या साक्षी वेळेत झाल्या नाहीत तर उत्तम कायदाही कागदावर राहतो.

या सगळ्या घडामोडींखाली जो दबला जातो, तो खलाशी आणि त्याचे घर. ‘मारिडा मार्गरिट’ या टँकरवर २०१० मध्ये १९ भारतीय होते. साडेसात महिन्यांच्या बंदिवासात त्यांचा जो छळ झाला त्याची वर्णने पुढे अमेरिकेतल्या न्यायालयात नोंदली गेली. ‘आइसबर्ग-१’चा मालक पाठ फिरवून बसला आणि त्यावरची माणसे मार्च २०१० पासून डिसेंबर २०१२ पर्यंत जहाजावर कोंडलेली राहिली. सुटका झाली तेव्हा २४ पैकी २२ उरले होते. चाचे घरी फोन लावून देत, मुलाला रडायला लावत, म्हणजे आईबापांनी कंपनीच्या आणि सरकारच्या दारात आक्रोश करावा. यात घर हे खंडणीचे हत्यार बनवले जाते. त्या काळात कित्येक घरांचा पगारही थांबला. माणूस बंदुकीच्या धाकात आणि बायकोपुढे कर्जाचा हप्ता. सुटून आलेल्याला पुन्हा जहाजावर पाठवायला कंपनी कचरते, झोप लागत नाही, आणि शेजारपाजार विचारतो की आता नवे जॉइनिंग कधी.

यावर काहीच झाले नाही असे नाही. सागरी कामगार कराराला २०१८ मध्ये जोडलेली आणि २६ डिसेंबर २०२० पासून लागू झालेली दुरुस्ती स्पष्ट सांगते की खलाशी चाच्यांच्या ताब्यात असेल तोवर त्याचा करार चालूच राहतो आणि घरी जाणारा पगारही थांबवता येत नाही. कराराची मुदत संपली हे कारणही चालत नाही. हा हक्क दहा वर्षांच्या आक्रोशातून मिळालेला आहे. तो ठाऊक नसलेली घरे बेलापूरच्या त्या कार्यालयांपासून दोन स्टेशनांवर राहतात. हे पुस्तक मराठीत असण्याचे मोठे कारण ते आहे.

म्हणून पुस्तकाचा शेवटचा भाग कामाचा ठेवला आहे. जॉइनिंगच्या आधी भरती करणाऱ्या एजंटचा परवाना नौवहन महासंचालनालयाच्या यादीत आहे का, ते पाहा. जहाज कोणत्या झेंड्याचे, मालक कोण, विमा कुणाचा, हे लेखी मागा. बंदिवासातल्या पगाराचे कलम करारात आहे का, ते शोधा. जहाज धोक्याच्या क्षेत्रात जाणार असेल तर नकाराचा हक्क आणि जादा मोबदला याविषयी युनियनशी बोला. कराराची आणि सीडीसीची प्रत घरी ठेवा, आणि संकटात कंपनीकडून कोण फोन करणार, त्याचे नाव घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या. पैसे घेऊन नोकरी देतो म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा. खलाशाकडून भरतीचे पैसे घेणे बेकायदा आहे आणि वाऱ्यावर सोडल्या गेलेल्या कितीतरी मुलांची कहाणी अशाच एजंटापासून सुरू झालेली आहे.

आपल्या शहरात बंदर आहे, जहाजावर जाणाऱ्या मुलांची शाळा आहे, त्यांना पाठवणारी कार्यालये आहेत, त्यांची घरे आहेत, आणि ज्या तुरुंगात सोमाली चाच्यांनी वर्षे काढली तो तुरुंगही आहे. चाचेगिरीची सगळी किनाऱ्यावरची अंगे इतक्या जवळजवळ असलेली गावे जगात थोडी असतील. तेव्हा जबाबदारीही आपल्याकडे जास्त येते. खटले वेळेत चालावेत, बोगस भरती बंद व्हावी आणि ओलीस खलाशाच्या घरी दर महिन्याला पगार पोचावा, या तीन मागण्या नवी मुंबईने लावून धरल्या, तर समुद्रावरच्या माणसाला त्यातून मिळणारे संरक्षण गस्तीच्या जहाजाइतकेच खरे असेल. वाचकाने हे पुस्तक त्या मागण्यांची तयारी म्हणून वाचावे.